आधी रिकामी गाडी मोजा

सायखेड्याहून आम्ही बचत गटातल्या मैत्रिणी बोलतोय. हातातलं काम थांबवू नका. आम्हीसुद्धा हे बोलणं कांदा निवडता निवडताच ठरवलं.

आजचा विषय जरा वेगळा आहे. जमिनीखाली एक-दोन किलोमीटर खोल जाऊन शास्त्रज्ञ काय शोधतात आणि ते शोधताना त्यांना सगळ्यात जास्त कोण छळतं, हे आज सांगायचंय. तुम्ही म्हणाल, आमचा त्याच्याशी काय संबंध? आम्हीही आधी तसंच म्हणालो होतो. संबंध कळला तो आमच्या गटातल्या एका काकूंमुळे.

काकूंच्या छातीत गाठ लागली. डॉक्टरांनी तपासलं आणि मॅमोग्राफी करून या म्हणाले. मॅमोग्राफी म्हणजे छातीचा खास एक्स-रे. काकू घरी आल्या आणि म्हणाल्या, "मी नाही करणार. त्या किरणांनीच कॅन्सर होतो म्हणतात. नसलेला रोग मशीनमधून कशाला घेऊन येऊ?" आम्ही चौघी-पाचजणी समजावायला गेलो. काकूंनी एकच प्रश्न विचारला, "त्यात किरणं असतात ना? मग किती असतात ते सांगा." आमच्यापैकी एकीलाही उत्तर येईना. दीड महिना असाच गेला. शेवटी तपासणी झाली, गाठ साधी निघाली. पण तो दीड महिना आमच्या मनातून जात नाही. गाठ साधी नसती, तर तेवढा उशीर काकूंना केवढ्याला पडला असता?

काकूंना उत्तर दिलं ते आमच्यातल्या एकीच्या लेकीने. ती पुण्याला फिजिक्समध्ये एम.एस्सी. करते. सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "काकू, मशीनची किरणं किती ते सांगते. पण आधी रिकाम्या गाडीचं वजन विचारा."

रिकाम्या गाडीचं वजन आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या सायखेड्याच्या उपबाजारात कांद्याची ट्रॉली जाते, तेव्हा भुईकाट्यावर आधी भरलेली गाडी चढते. माल उतरला की रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते. भरलेल्यातून रिकामी वजा केली की राहतो तो आपला कांदा. रिकामं वजन चुकलं, ट्रॉलीच्या तळाला चिखल राहिला, ताडपत्री एकदा धरली आणि एकदा नाही, की हिशेब बिघडला. कांदा कितीही चांगला असला तरी पट्टी चुकणारच.

किरणांचंही तसंच आहे. मशीन सुरू होण्याआधीच आपल्या अंगावर, अंगातून, घरातून किरणं चाललेली असतात. आजची नाहीत, पृथ्वी आहे तेव्हापासूनची आहेत. शास्त्रज्ञ त्याला पार्श्वभूमीचा किरणोत्सर्ग म्हणतात. आपण त्याला रिकाम्या गाडीचं वजन म्हणू.

ही किरणं येतात कुठून? पहिली येतात आकाशातून. तळहात आडवा धरा. आम्ही हे वाक्य पूर्ण करेपर्यंत त्यातून म्यूऑन नावाचे चार-पाच बारीक कण आरपार गेले असतील. तळहाताएवढ्या जागेतून सेकंदाला साधारण एक, दिवसरात्र, छपराखाली असलात तरी. दुसरी येतात जमिनीतून. खडकात, मातीत युरेनियम आणि थोरियम अगदी थोड्या प्रमाणात सगळीकडे असतं. आपला काळा पाषाण या बाबतीत सौम्य आहे, ग्रॅनाइटच्या खडकात त्याहून जास्त असतं. तिसरी येतात हवेतून. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडॉन नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो भेगांतून वर येतो आणि बंद खोलीत साठतो.

आणि चौथी येतात आपल्या स्वतःच्या अंगातून. हे ऐकून काकूंनी हातातला कांदा खाली ठेवला. पण ते खरं आहे. द्राक्षाला, कांद्याला आपण पोटॅश टाकतो ना? पोटॅशमध्ये पोटॅशियम असतं. पोटॅशियमच्या दर १० हजार अणूंमागे साधारण एक अणू किरणोत्सर्गी असतो. एक किलो पोटॅश खतात दर सेकंदाला सुमारे १५ हजार अणू बारीकसा किरण सोडतात. एक किलो कांद्यात सेकंदाला ४०-५०. आणि आपल्यासारख्या मोठ्या माणसाच्या शरीरात, फक्त पोटॅशियममुळे, सेकंदाला तीन-चार हजार. पोटॅशियमशिवाय हृदय चालत नाही, स्नायू हलत नाहीत. शरीर लागेल तेवढंच ठेवतं, बाकीचं बाहेर टाकतं. तेव्हा खताच्या गोणीला भिऊ नका आणि कांदा खायचंही सोडू नका. आपण सगळ्याजणी जन्मापासून थोड्या थोड्या किरणोत्सर्गी आहोत.

हे सगळं मोजायचं माप म्हणजे मिलिसिव्हर्ट. जगभरची सरासरी काढली तर एका माणसाला निसर्गाकडून वर्षाला साधारण २.४ मिलिसिव्हर्ट मिळतं. त्यातलं जवळजवळ निम्मं रेडॉनमुळे. ही झाली रिकामी गाडी. आता वर माल ठेवू. छातीच्या साध्या एक्स-रेला काही दिवसांत निसर्ग देतो तेवढी किरणं लागतात. मॅमोग्राफीला साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दोन महिन्यांत आपोआप मिळतात तेवढी. छातीच्या सीटी स्कॅनला मात्र सहा-सात मिलिसिव्हर्ट, म्हणजे अडीच-तीन वर्षांची. काकू सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे ज्या दोन महिन्यांच्या किरणांना मी भ्याले, त्यातली दीड महिन्याची तर भीत बसण्यातच घेतली की!"

आता त्या खोल खाणीकडे जाऊ. लेकीने ही गोष्ट काकूंनाच सांगितली, कारण जगात या रिकाम्या गाडीची सगळ्यात जास्त काळजी जमिनीखाली काम करणारे हे शास्त्रज्ञ घेतात.

ते शोधतात डार्क मॅटर, मराठीत कृष्णद्रव्य. जत्रेतला पाळणा आठवा. पाळणा जितका जोरात फिरेल तितकी साखळी मजबूत लागते, नाहीतर माणूस बाहेर फेकला जाईल. आकाशात ताऱ्यांचे मोठमोठे समूह आहेत, त्यांना दीर्घिका म्हणतात. अमेरिकेतल्या व्हेरा रुबिन या बाईंनी १९७० च्या सुमारास या दीर्घिकांच्या कडेचे तारे किती वेगाने फिरतात ते बारकाईने मोजलं. वेग एवढा निघाला की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या वजनाने ते धरून राहायलाच नकोत. म्हणजे न दिसणारं काहीतरी त्यांना धरून आहे. आज हिशेब असा आहे की विश्वात आपल्याला माहीत असलेल्या द्रव्याच्या साधारण पाचपट हे न दिसणारं द्रव्य आहे. ते आपल्यातूनही जात असावं, पण कशालाच धक्का देत नाही. दिलाच तर क्वचित, अगदी हलका.

हा धक्का पकडायचा कसा? वर जमिनीवर शक्यच नाही. डीजे चालू असताना शेजारच्या खोलीतल्या बाळाचा श्वास ऐकू येईल का? आवाज टाळायला लांब जायची रीत आपल्याकडेही आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ खोडदला आकाशातल्या रेडिओलहरी ऐकणाऱ्या ३० मोठ्या थाळ्या आहेत, एकेक ४५ मीटर रुंद. शहराच्या रेडिओ-गोंगाटापासून लांब म्हणून ती जागा निवडली. तसंच किरणांच्या गोंगाटापासून लांब जायचं तर वाट खाली जाते.

या खाली जाण्याच्या कामात आपल्या मुंबईची संस्था फार आधीपासून होती. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था होमी भाभांनी १९४५ साली काढली. तिथले बी. व्ही. श्रीकांतन १९५१ साली कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत यंत्रं घेऊन उतरले. ते आणि त्यांचे सहकारी एकेक टप्पा खाली जात आकाशातले कण किती कमी होतात ते मोजत राहिले. खडक तापलेला, हवा कोंदट, सामान खाणीच्या पिंजऱ्यातून उतरवायचं. पावणेतीन किलोमीटर खोलीवर यंत्र दोन महिने चालू ठेवलं, तर आकाशातून आलेला एकही म्यूऑन नोंदला गेला नाही. विचार करा, वर तळहातातून सेकंदाला एक आणि तिथे दोन महिन्यांत शून्य. दुसऱ्या कुणी याला वाया गेलेले दोन महिने म्हटलं असतं. त्यांनी ओळखलं की आपल्याला अतिशय शांत जागा सापडली आहे. मग २.३ किलोमीटर खोलीवर यंत्रं मांडून, जपान आणि इंग्लंडच्या शास्त्रज्ञांबरोबर, १९६५ साली त्यांनी वातावरणात जन्मणारा न्यूट्रिनो नावाचा कण पकडला. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीतही तेच काम चाललं होतं. पण छापून आधी आलं ते कोलारचं, दोन आठवडे आधी.

या संस्थेतल्या पहिल्या महिला संशोधक बिभा चौधुरी. १९४९ साली त्या तिथे आल्या. आकाशातून येणाऱ्या कणांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं, कोलारच्या प्रयोगांशीही त्या जोडलेल्या होत्या. जिवंतपणी त्यांचं नाव फार कुणाला माहीत नव्हतं. २०१९ साली एका ताऱ्याला 'बिभा' हे नाव मिळालं.

पण खाली गेलं म्हणजे सगळं शांत झालं असं नाही. आकाशातले कण थांबले तरी खडक किरणं सोडतोच. रेडॉन येतोच. ज्या पत्र्याचं यंत्र, ज्या काचेची नळी, त्यातही काहीतरी असतंच. माणसाचा घाम, बोटाचा ठसा, बुटाची धूळ, सगळ्यांत किरणं. म्हणून हे लोक यंत्राभोवती थरावर थर रचतात. पाण्याच्या टाक्या, तांबं, शिसं. रेडॉन हाकलायला शुद्ध नायट्रोजन सोडतात. यंत्रात लावायचा प्रत्येक खिळा आधी तपासतात. अशी तपासणी मुंबईत टाटा संस्थेतही होते. डॉ. वंदना नानल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे शिसं-तांब्याच्या कवचात असं मोजयंत्र बसवलंय. तमिळनाडूत बोडीच्या डोंगराखाली प्रयोगशाळा करायचं ठरत होतं, तेव्हा तिथला खडक आणून त्यातली किरणं त्यांनी आधी मोजली. यंत्र बसायच्या आधी रिकाम्या गाडीचं वजन.

शिशाची तर गंमतच आहे. बाहेरची किरणं अडवायला शिसं लावायचं, पण नव्या शिशात स्वतःचीच थोडी किरणं असतात. ती दर २२ वर्षांनी निम्मी होतात. मग जुनं शिसं शोधा! इटलीजवळच्या समुद्रात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेल्या रोमन जहाजातून शिशाच्या लाद्या निघाल्या. त्यातल्या १२० लाद्या २०१० साली एका संग्रहालयाने भूमिगत प्रयोगशाळेला दिल्या. त्यांवरची जुनी अक्षरं कापून जपून ठेवली आणि उरलेलं शिसं एका न्यूट्रिनोच्या प्रयोगाला कवच म्हणून वापरलं. आजीच्या हातची पितळी परात आपण जपतो, तसं हे जुनं शिसं ते जपतात.

आता ऐका खरी परीक्षेची गोष्ट. इटलीतच ग्रान सासो नावाच्या डोंगराखाली, डोक्यावर १४०० मीटर खडक असलेल्या जागी, तीन टनांहून जास्त द्रवरूप झेनॉन वायू भरून कृष्णद्रव्याचा शोध चालला होता. २०२० साली त्यांच्या नोंदवहीत जास्तीचे ठोके दिसले. हिशेबाने २३२ यायला हवे होते, आले २८५. जगभर बातमी झाली, नवा कण सापडला की काय! पण त्या शास्त्रज्ञांनी त्याच अहवालात स्वतःहून लिहिलं की हे आमच्याच टाकीत राहिलेल्या ट्रिटियममुळेही असू शकेल. ट्रिटियम म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सर्गी भाऊ. अगदी नखभरही नाही, मोजता येणार नाही एवढा असला तरी पुरे. मग त्यांनी यंत्र मोठं केलं, झेनॉन आणखी शुद्ध केला, गोंगाट पाचव्या हिश्श्यावर आणला आणि पुन्हा मोजलं. २०२२ साली उत्तर आलं, जास्तीचे ठोके गायब. एवढी मेहनत, एवढं नाव, आणि शेवटी बहुधा ट्रॉलीच्या तळाचा चिखलच निघाला. तेही त्यांनी उघडपणे सांगितलं.

कृष्णद्रव्याचा कण आजवर कुणालाच खात्रीने सापडलेला नाही. पण त्यांचं वजन चोख आहे, म्हणून त्यांच्या 'नाही सापडलं' वरही जग विश्वास ठेवतं.

आपल्या देशातही हा शोध चालू आहे. झारखंडमध्ये जादूगुडा इथे युरेनियमची खाण आहे. तिथे साधारण ५५० मीटर खोलीवर कोलकात्याच्या साहा संस्थेने २०१७ साली प्रयोगशाळा उघडली. तिथलं यंत्र बायकांना लगेच समजेल. फोडणीचं तेल तापलं की मोहरी तडतडते ना? तसं तिथे एका द्रवाचे बारीक थेंब असे तापवून ठेवतात की योग्य धक्का बसला तरच थेंब फुटतो, बुडबुडा होतो आणि आवाज येतो. तो आवाज यंत्र ऐकतं. द्रव कुठला? फ्रिजमध्ये थंडावा करायला वापरतात, तसलाच. तापमान असं ठेवायचं की भिंतीतून येणाऱ्या साध्या किरणांनी थेंब फुटू नये. तेल कमी तापलं तर मोहरी गप्प बसते, तोच हिशेब. तिथे वरच्या जमिनीपेक्षा आकाशातले कण हजारो पटींनी कमी येतात आणि खडकातून किती किरणं येतात तेही मोजून ठेवलंय.

इथे आम्हाला एक बोच लागली, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जादूगुड्याच्या आसपास संथाळ, हो अशा आदिवासींची गावं आहेत. खाणीच्या कचऱ्यामुळे आमची मुलं, आमच्या बाया आजारी पडतात, अशी तक्रार त्या गावांनी वर्षानुवर्षं केली, आंदोलनं केली. कंपनी म्हणते, खाणीमुळे तसं झालेलं नाही. दूर बसून निवाडा करणं आमचं काम नाही. पण आम्हाला वाटतं, खाणीच्या पोटातल्या यंत्राभोवतीचा गोंगाट जेवढ्या काळजीने मोजला जातो, तेवढ्याच काळजीने वरच्या गावची विहीर, माती, घर मोजलं जावं आणि ते आकडे गावाला त्याच्या भाषेत कळावेत. खाण सुरू व्हायच्या आधीचं रिकामं वजन गावाच्या हातात असेल, तर नंतरचा वाद लवकर मिटतो. ते नसेल तर भरल्या गाडीवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडण चालतं.

मग आपण यातून घरी काय न्यायचं?

छातीत गाठ लागली, बाकी काही वेगळं वाटलं, तर किरणांच्या भीतीने तपासणी लांबवू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, ही तपासणी कशासाठी आणि किती किरणं. सीटी स्कॅन डॉक्टर सांगतील तेव्हा जरूर करा, पण "सगळं एकदा काढून टाका" असा हट्ट आपण धरू नका. पोटात बाळ असेल, किंवा पाळी चुकली असेल, तर एक्स-रे काढणाऱ्याला आधी सांगा. जुने एक्स-रे, रिपोर्ट पिशवीत नीट ठेवा, म्हणजे तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही. मोबाइल टॉवरच्या लहरी वेगळ्या जातीच्या. त्या रेडिओच्या भावकीतल्या, एक्स-रेसारखं अणूतले इलेक्ट्रॉन उडवण्याचं बळ त्यांच्यात नसतं. तेव्हा दोन्हीची भीती एका पोत्यात भरू नका.

घरात वारा खेळू द्या. बंद घरात साठणारा रेडॉन, जगात धूम्रपानाखालोखाल फुप्फुसाच्या कॅन्सरचं कारण मानला जातो. आपल्याकडे त्याच्याही आधी चुलीचा धूर आहे. खिडकी उघडली तर दोन्ही बाहेर जातात.

आणि गटातल्या मैत्रिणींनो, नोंद ठेवायची सवय लावा. विहिरीचं पाणी, शेताची माती आज चांगली वाटते तेव्हाच तपासून घ्या आणि तो कागद गटाच्या वहीत चिकटवा. उद्या शेजारी काही कारखाना आला, पाण्याची चव बदलली, तर "पूर्वी असं नव्हतं" एवढंच म्हणून कुणी ऐकत नाही. पूर्वी किती होतं, तो आकडा लागतो.

आमच्या काकू आता दवाखान्यात जायला घाबरणाऱ्या बाईबरोबर स्वतः जातात. परवा एकीला म्हणत होत्या, "अगं, तुझ्या अंगातूनच सेकंदाला तीन-चार हजार किरणं निघतायत, त्या मशीनला काय भितेस?" ती बाई आणखीच घाबरली. मग काकूंनी तिला बसवलं, चहा दिला आणि भुईकाट्यापासून सुरुवात केली. तुम्हीही तिथूनच करा.

आज इथेच थांबतो. वखारीत कांदा पडलाय आणि गाडी सकाळी लवकर निघायची आहे. नमस्कार.